विश्लेषण : ‘शास्त्रज्ञ माझ्यासारखा असू शकतो का?’ अमेरिकी कम्युनिटी कॉलेजातील जीवशास्त्र शिक्षकाचा प्रयोग काय सांगतो?

अमेरिकेतील उच्च शिक्षण म्हटले की हार्वर्ड, एमआयटी, स्टॅनफर्ड ही नावे पुढे येतात. मात्र तेथील पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक विद्यार्थी कम्युनिटी कॉलेजांत शिकतात. नोकरी सांभाळून शिकणारे, मुले मोठी झाल्यावर पुन्हा वही हाती घेणारे, घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारे असे सारे एकाच वर्गात बसतात. अशा वर्गाला पेशी, जनुके आणि चयापचय शिकवायचे कसे, या प्रश्नावर कॅलिफोर्नियातील डी अँझा कॉलेजात जीवशास्त्र शिकवताना जेफ्री शिन्स्की यांनी केलेले काम शिक्षण संशोधनात वारंवार उद्धृत होते. त्यांचा प्रयोग खर्चिक नाही, त्याला वेगळी प्रयोगशाळाही लागत नाही. तो नेमका काय आहे आणि असे शिकवणाऱ्या शिक्षकांची स्थिती कशी आहे, याचा हा आढावा.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय?

इलिनॉय राज्यात १९०१ मध्ये सुरू झालेले जोलिएट ज्युनियर कॉलेज हे अमेरिकेतील सर्वात जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाने घराजवळ आणि परवडणाऱ्या शुल्कात शिक्षण देणाऱ्या कॉलेजांचा पुरस्कार केला. ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव त्यानंतर रूढ झाले. आज अशा कॉलेजांची संख्या हजाराहून अधिक आहे.

येथे दोन वर्षांची असोसिएट पदवी किंवा व्यावसायिक प्रमाणपत्र मिळते. दोन वर्षे येथे शिकून पुढची दोन वर्षे विद्यापीठात पूर्ण करण्याचीही सोय असते. मुख्य वैशिष्ट्य म्हणजे खुला प्रवेश. गुणवत्ता यादी नाही, कट-ऑफ नाही.

एकट्या कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजे आहेत. राज्यातील रहिवाशांसाठी शुल्क प्रति युनिट ४६ डॉलर आहे. म्हणजे असोसिएट पदवीच्या ६० युनिटचे शुल्क २,७६० डॉलर होते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात एका वर्षाचेच शुल्क १३ हजार डॉलरच्या पुढे आहे. कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना कम्युनिटी कॉलेजचे शुल्क माफही होते.

डी अँझा कॉलेज १९६७ मध्ये कुपर्टिनो येथे सुरू झाले. अ‍ॅपलचे मुख्यालय असलेले हेच शहर. बे एरियातील मराठी कुटुंबांना हा परिसर नवा नाही.

येथे जीवशास्त्र कोण शिकते?

जीवशास्त्राच्या वर्गात साधारण तीन प्रकारचे विद्यार्थी असतात. पहिला गट पुढे विद्यापीठात जाऊन विज्ञानाची पदवी घेऊ इच्छिणाऱ्यांचा. दुसरा गट कला किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांचा. पदवीसाठी विज्ञानाचा एक तरी विषय घ्यावा लागतो म्हणून ते येतात. तिसरा गट परिचारिका, दंत-आरोग्य साहाय्यक अशा वैद्यकीय व्यवसायांकडे निघालेल्यांचा.

तिसऱ्या गटासाठी जीवशास्त्र हा उंबरठा असतो. दोन वर्षांचा नर्सिंग अभ्यासक्रम पूर्ण करून अमेरिकेत नोंदणीकृत परिचारिकेची परवाना परीक्षा देता येते. पण त्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळवण्यासाठी आधी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र चांगल्या श्रेणीत उत्तीर्ण व्हावे लागते. येथे अडकलेला विद्यार्थी अनेकदा कॉलेजच सोडतो. कॉलेजचा प्रवेश खुला असला तरी पुढची दारे याच वर्गात उघडतात किंवा बंद होतात. त्यामुळे शिक्षक कसे शिकवतो, यावर एखाद्या कुटुंबाची मिळकत ठरू शकते.

शिक्षकाचा आठवडा कसा असतो?

कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात जीवशास्त्र शिकवण्यासाठी पीएचडी आवश्यक नाही. त्या विषयातील पदव्युत्तर पदवी ही किमान पात्रता आहे. पूर्णवेळ शिक्षकाला चार वर्षांपर्यंतच्या मूल्यमापनानंतर कायम केले जाते. या मूल्यमापनात भर असतो तो शिकवण्यावर. किती शोधनिबंध छापले, हा निकष नसतो.

पूर्णवेळ भार म्हणजे आठवड्याला साधारण १५ व्याख्यान-तास. संशोधन विद्यापीठातील प्राध्यापक एका सत्रात बहुधा एक-दोन अभ्यासक्रम शिकवतो, त्या तुलनेत हा भार बराच मोठा. शिवाय प्रयोगशाळेची सत्रे, विद्यार्थ्यांच्या भेटीसाठी राखून ठेवलेले तास, कॉलेजच्या समित्या आणि उत्तरपत्रिका. विद्यापीठांत प्रात्यक्षिके घेण्यासाठी आणि वह्या तपासण्यासाठी पीएचडी करणारे साहाय्यक असतात. येथे ते नसतात. विच्छेदनाच्या टेबलाशी शिक्षक स्वतः उभा असतो आणि रात्री उत्तरपत्रिकांचा गठ्ठाही तोच घेऊन बसतो.

याचा एक फायदा आहे. कोणाचे कुठे अडते, हे शिक्षकाला थेट दिसते. तोटा असा, की जे दिसले ते अभ्यासून मांडायला वेळ नसतो. शिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१७ च्या एका लेखात याकडेच लक्ष वेधले. देशातील पदवीपूर्व विद्यार्थ्यांचा एवढा मोठा हिस्सा कम्युनिटी कॉलेजांत असूनही जीवशास्त्र कसे शिकवावे यावरील प्रकाशित संशोधनात या कॉलेजांचे विद्यार्थी आणि शिक्षक अगदी थोड्या प्रमाणात आढळतात. म्हणजे शिकवण्याचे सिद्धान्त एका प्रकारच्या वर्गांतून येतात आणि शिकवायचे असते दुसऱ्याच प्रकारच्या वर्गात.

‘शास्त्रज्ञ कसा असतो?’ हा प्रश्न महत्त्वाचा का?

डेव्हिड वेड चेंबर्स या अभ्यासकाने १९८३ मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध केला होता. ४,८०७ मुलांना शास्त्रज्ञाचे चित्र काढायला सांगितले गेले. त्यांपैकी फक्त २८ चित्रांत स्त्री-शास्त्रज्ञ होती आणि ती सर्व चित्रे मुलींनी काढलेली होती. बाकी चित्रांत पांढरा कोट, चष्मा, विस्कटलेले केस अशा खुणा असलेला पुरुष वारंवार दिसत होता.

ही प्रतिमा शाळेतच संपत नाही. डी अँझातील विद्यार्थ्यांच्या मनात शास्त्रज्ञाची कोणती प्रतिमा आहे आणि तिचा अभ्यासक्रमातील यशाशी काही संबंध आहे का, याचा अभ्यास शिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. विज्ञान हे ‘जन्मतः हुशार’, वेगळ्याच मुशीतल्या लोकांचे काम आहे असे विद्यार्थी धरून चालत असेल, तर पहिल्या चाचणीत गुण कमी पडताच ‘हे आपले क्षेत्र नव्हेच’ असा निष्कर्ष तो सहज काढतो. मग तो प्रश्न विचारायचे थांबवतो, नंतर वर्गात येणे थांबवतो. अवघड धडा पुन्हा समजावून सांगता येतो, पण मनातून आधीच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यापर्यंत तो पोहोचत नाही.

शिन्स्की यांचा गृहपाठ कसा असतो?

यावर उपाय म्हणून त्यांनी ‘सायंटिस्ट स्पॉटलाइट’ नावाचा गृहपाठ तयार केला. त्या आठवड्यात वर्गात जो विषय चालू आहे, त्याच विषयात काम करणाऱ्या आणि रूढ साच्यात न बसणाऱ्या एका शास्त्रज्ञाची ओळख विद्यार्थ्याने करून घ्यायची. एकीकडे त्या शास्त्रज्ञाचे संशोधन वाचायचे, दुसरीकडे त्याची मुलाखत, भाषण किंवा आयुष्याची हकिकत वाचायची अथवा ऐकायची. मग छोटे टिपण लिहायचे.

टिपणासाठी प्रश्न साधे असतात. काय रंजक वाटले किंवा कशाने गोंधळ झाला? या विषयाबद्दल काय कळले? विज्ञानाचे काम कोणत्या प्रकारची माणसे करतात, याबद्दल यातून काय समजले? आणि आता मनात कोणते नवे प्रश्न आहेत?

या रचनेतील महत्त्वाची गोष्ट तिसऱ्या प्रश्नात आहे. ‘विज्ञान सर्वांसाठी आहे’ असे शिक्षक फळ्यावर लिहीत नाही. आठवड्यामागून आठवडा वेगवेगळी माणसे भेटत जातात आणि निष्कर्ष विद्यार्थी स्वतः काढतो. शिवाय हा गृहपाठ अभ्यासक्रमाबाहेरची ‘प्रेरणादायी’ पुरवणी नसतो. शास्त्रज्ञाची निवडच त्या आठवड्याच्या धड्यानुसार झालेली असते, त्यामुळे मूळ विषयाचा अभ्यासही त्यातच होतो. वर्गातील वेळ जवळजवळ खर्च होत नाही. १५ तास शिकवणाऱ्या शिक्षकासाठी ही बाब निर्णायक ठरते.

त्याचा परिणाम दिसला का?

शिन्स्की, हेदर पर्किन्स, अमांडा स्नायडर आणि मेरी वायर यांचा याविषयीचा शोधनिबंध २०१६ मध्ये ‘सीबीई लाइफ सायन्सेस एज्युकेशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हा गृहपाठ असलेले पाच वर्ग आणि तेवढाच पण शास्त्रज्ञांच्या हकिकती नसलेला गृहपाठ दिलेले दोन वर्ग, अशी तुलना केली गेली. सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घेतले गेले.

स्पॉटलाइट करणाऱ्या विद्यार्थ्यांची शास्त्रज्ञांविषयीची वर्णने रूढ साच्यातून बाहेर पडली. एखाद्या शास्त्रज्ञाशी आपले काही नाते जुळते, असे सांगण्याचे प्रमाण वाढले. सत्र संपल्यानंतर सहा महिन्यांनीही हा बदल टिकल्याचे संकेत मिळाले. या बदलाचा विज्ञानातील रुचीशी आणि अंतिम श्रेणीशी संबंधही आढळला.

मर्यादाही स्पष्ट आहेत. हा अभ्यास एका कॉलेजातील आहे. रुची, श्रेणी आणि शास्त्रज्ञांची प्रतिमा यांचा संबंध दिसला म्हणजे एकामुळेच दुसरे घडले, असे सिद्ध होत नाही. पुढे इतर कॉलेजांत आणि शाळांतही असे गृहपाठ वापरले गेले आहेत. आता चॅटबॉटकडून टिपण लिहून घेण्याची सोय झाल्याने, विद्यार्थ्याने खरोखर विचार केला की नाही हे पाहण्यासाठी वर्गातील चर्चेला अधिक महत्त्व येणार आहे.

गुण कमी, शिकवणे जास्त?

शिन्स्की यांनी सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीतील जीवशास्त्र शिक्षण संशोधक किंबर्ली टॅनर यांच्यासह २०१४ मध्ये लिहिलेला लेख गुणदान पद्धतीवर होता. कमी तपासून किंवा वेगळ्या पद्धतीने तपासून अधिक शिकवता येईल का, असा त्याचा सूर होता.

गुण देण्याची आजची पद्धत फार प्राचीन नाही, याची आठवण हा लेख करून देतो. येलचे अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स यांनी १७८५ मध्ये विद्यार्थ्यांची चार गटांत विभागणी केल्याची नोंद आहे. ए, बी, सी, डी अशा श्रेणी सर्वत्र रुळल्या त्या विसाव्या शतकात. गुणांमुळे शिकण्याची ओढ वाढते, हे गृहीतकही संशोधनात टिकत नाही. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात काही मुलांना फक्त शेरे, काहींना फक्त गुण आणि काहींना दोन्ही दिले गेले. फक्त शेरे मिळालेल्यांची कामगिरी आणि रुची सरस ठरली. शेऱ्यासोबत गुण दिले की शेऱ्याचा उपयोग बराच ओसरला. गुण पाहिल्यावर शेरा वाचायची गरज वाटत नाही, हा अनुभव आपल्याकडच्या शिक्षकांनाही परिचयाचा असेल.

लेखातील सूचना व्यवहार्य आहेत. सराव म्हणून दिलेल्या कामात बरोबर-चूक यापेक्षा प्रामाणिक प्रयत्नाला श्रेय द्यावे. विद्यार्थ्यांनी स्वतःचे आणि एकमेकांचे काम तपासावे. सर्वात ठळक सूचना म्हणजे वर्गातल्या वर्गात क्रमवारी लावून ठरावीक टक्के विद्यार्थ्यांनाच वरची श्रेणी देण्याची पद्धत सोडावी. शेजाऱ्याला मदत केली तर आपली श्रेणी घसरेल, अशी भीती असलेल्या वर्गात गटचर्चा होत नाही.

अशा वर्गात प्रत्यक्ष काय घडते?

जीवशास्त्रातील एक नेहमीचा प्रश्न घेऊ. छोट्या रोपाचा प्रचंड वृक्ष होतो, ते वजन येते कुठून? बहुतेक विद्यार्थी ‘मातीतून’ असे सांगतात. व्याख्यान पद्धतीत शिक्षक ‘चूक’ म्हणून प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण लिहितो. विद्यार्थी ते उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि मनात मात्र ‘माती’च राहते.

दुसरी पद्धत अशी. प्रत्येकाने आधी आपले उत्तर कागदावर लिहायचे. मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचे. त्यानंतर शिक्षक व्हॅन हेल्माँटच्या सतराव्या शतकातील प्रयोगाची आकडेवारी समोर ठेवतो. कुंडीतील विलोचे झाड पाच वर्षांत सुमारे १६४ पौंडांनी, म्हणजे अंदाजे ७४ किलोंनी वाढले. माती कमी झाली ती जेमतेम दोन औंस, म्हणजे ५७ ग्रॅम. आता ‘माती’ हे उत्तर विद्यार्थीच खोडतात. हेल्माँटने पाणी हे उत्तर काढले होते. तेही अपुरे का, आणि सुक्या लाकडातील कार्बन हवेतील कार्बन डायऑक्साइडमधून कसा येतो, इथपर्यंत चर्चा पोहोचते.

टॅनर यांनी २०१३ मध्ये अशा २१ साध्या युक्त्या मांडल्या. प्रश्न विचारल्यावर थांबणे ही त्यांपैकी एक. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादाच सेकंद थांबतात, असे मेरी बड रो यांच्या संशोधनात आढळले होते. ते थांबणे तीन सेकंदांवर नेले तरी उत्तरे लांबतात आणि अधिक विद्यार्थी बोलू लागतात.

याला आकडेवारीचाही आधार आहे. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ व्याख्यान असलेल्या वर्गांत नापास होण्याची शक्यता सहभागी पद्धतीच्या वर्गांच्या तुलनेत दीडपट असल्याचे त्यात दिसले. २०२० मधील आणखी एका विश्लेषणानुसार, कमी प्रतिनिधित्व असलेल्या गटांतील विद्यार्थी आणि इतर यांच्यातील परीक्षेच्या गुणांची दरीही अशा पद्धतीने सुमारे एक तृतीयांशाने कमी होते.

मग अडचण कुठे आहे?

अडचण शिक्षकांच्या नोकरीत आहे. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत शिकवणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश शिक्षक अर्धवेळ आहेत. त्यांना सत्रागणिक नेमले जाते. पटसंख्या घटली की पहिली कपात त्यांचीच होते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार अर्धवेळ शिक्षकाला एका डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे त्या भागातील कॉलेजे चालवणाऱ्या स्थानिक संस्थेत, पूर्णवेळ भाराच्या ६७ टक्क्यांपेक्षा अधिक काम देता येत नाही. त्यामुळे पोट भरण्यासाठी दोन-तीन ठिकाणी शिकवावे लागते. सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या आणि रात्री तिसऱ्या कॉलेजात धावणाऱ्या या शिक्षकांना तिकडे ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात.

राज्यातील किमान ७५ टक्के शिकवणे पूर्णवेळ शिक्षकांकडून व्हावे, असे उद्दिष्ट कॅलिफोर्नियाने १९८८ च्या कायद्यात नोंदवले होते. ते अद्याप दूरच आहे. विद्यार्थ्याशी नाते जोडण्यावर उभी असलेली अध्यापन पद्धती, पुढच्या सत्रात आपण असू की नाही हे माहीत नसलेल्या शिक्षकाने कशी राबवायची, हा प्रश्न त्यामुळे कायम राहतो. स्वतःची खोली नसेल, तर विद्यार्थ्याला भेटायचे तरी कुठे?

महाराष्ट्रासाठी यात काय आहे?

विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (२०१२-१७) भारतातही कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. तिचा भर कौशल्य अभ्यासक्रमांवर होता. अमेरिकेसारखी विद्यापीठाकडे जाणारी समांतर वाट त्यातून तयार झाली नाही. महाराष्ट्रात ते काम प्रत्यक्षात तालुक्याच्या गावातील अनुदानित-विनाअनुदानित महाविद्यालये करतात. एफवायबीएस्सीच्या वर्गात येणारी, घरातील पहिली पदवीधर होऊ पाहणारी मुलगी आणि डी अँझातील विद्यार्थिनी यांच्यापुढचा प्रश्न फारसा वेगळा नाही.

स्पॉटलाइटसारखा गृहपाठ मराठीतही देता येईल. श्वसन आणि विकरे शिकवताना कमला सोहोनी यांची हकिकत त्या धड्यात चपखल बसते. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर असलेल्या सोहोनी यांना १९३३ मध्ये बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला होता. त्यांनी माघार घेतली नाही आणि अटी घालून का होईना, प्रवेश मिळवला. पुढे केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या पेशींतील ‘साइटोक्रोम सी’ या श्वसनाशी निगडित प्रथिनावर काम करून १९३९ मध्ये पीएचडी मिळवली. भारतात परतल्यावर नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपदही भूषवले. एकाच हकिकतीत श्वसनाची साखळी आहे, आहारशास्त्र आहे आणि ‘विज्ञान कोण करते’ याचे उत्तरही आहे.

जर्नलमध्ये आकृत्या उतरवून काढण्यातील थोडा वेळ अशा टिपणासाठी काढता येईल. प्रश्न विचारून तीन सेकंद थांबायला तर कोणाच्या परवानगीची गरज नाही. मात्र ‘फ्रीवे फ्लायर’ची मराठी आवृत्तीही आपल्याकडे आहे. तासिका तत्त्वावरील प्राध्यापक एसटीने दोन महाविद्यालये गाठतात, मानधनाची वाट पाहतात आणि दरवर्षी नव्याने मुलाखत देतात. वर्गातील पद्धत बदलण्याचा भाग शिक्षक पेलू शकतो. तो शिक्षक पुढच्या वर्षीही त्याच वर्गात असेल, याची तजवीज महाविद्यालय आणि सरकारलाच करावी लागेल.